एका शिवारात सहा प्रकल्प : हवामान बदलाच्या सरकारी कामांची मोट कशी बांधायची

प्रश्न असा आहे : खारपाणपट्ट्यातल्या (पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या भूजलाच्या भागातल्या) नऊ गावांची एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिच्या शिवारात राज्याचा पोकरा प्रकल्प आहे, कृषी विज्ञान केंद्राची निक्राच्या (हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीच्या राष्ट्रीय संशोधन प्रकल्पाच्या) धर्तीवरची प्रात्यक्षिके आहेत, जलयुक्त शिवार आहे, रोजगार हमीची शेततळी आहेत, कृषी विभागाच्या क्रॉपसॅप योजनेचे कीड सर्वेक्षण आहे आणि विद्यापीठाच्या वाणांच्या चाचण्याही आहेत. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. तीच माहिती पाच जण विचारून नेतात आणि सल्ले मात्र उलटसुलट येतात. गावाच्या बाजूने हा समन्वय कसा जमवायचा?

समन्वय म्हटले की आपल्याकडे आधी समिती निघते आणि मग बैठक. त्याने फारसे काही होत नाही. चार गोष्टी सगळ्यांच्या एक झाल्या पाहिजेत : गटवार नकाशा, पावसाची नोंद, पाण्याचा हिशोब आणि कामांच्या तारखा. या चार जुळल्या की बैठकीत वाद घालायला फारसे उरत नाही. त्या जुळल्या नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यांसमोर दर महिन्याला बसूनही प्रत्येक खाते आपापला अहवाल वाचून उठते. आणि ही चारही कामे वरून कोणी करून देणार नाही. ती गावात होतात, आणि तुमच्यासारख्या कंपनीच्या आवाक्यातली आहेत.

आधी हे प्रकल्प एकमेकांना का भेटत नाहीत ते नीट समजून घ्या, म्हणजे कुणाकडे काय मागायचे ते कळेल. केंद्राने २००८ मध्ये हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि त्यात आठ अभियाने ठेवली. शाश्वत शेतीचे अभियान कृषी मंत्रालयाकडे गेले, हवामान बदलाच्या ज्ञानाचे अभियान विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे. २०११ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने निक्रा सुरू केला. त्याची सूत्रे हैदराबादच्या क्रीडा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेकडे आहेत आणि गावातली कामे कृषी विज्ञान केंद्रे करतात. आपल्याकडच्या केंद्रांवर देखरेख पुण्याच्या अटारीची, म्हणजे याच परिषदेच्या संस्थेची. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ पासून राज्याच्या कृषी विभागाचा, जागतिक बँकेच्या कर्जावरचा. पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते आणि पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाणाची गावे त्यात मुद्दाम घेतली होती. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा पाणीपुरवठा विभागाची, जलयुक्त मृद व जलसंधारणाचे, हवामानाचा अंदाज पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या हवामान खात्याचा. प्रत्येकाला उत्तर द्यायचे ते वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या तक्त्यात. माणसे वाईट नाहीत. त्यांचे तक्ते वेगळे आहेत, एवढेच.

त्याहून मोठी अडचण सीमांची आहे. निक्रा गाव धरून काम करतो. पोकराचा समूह पाणलोटावर आखलेला असतो. पीक विम्याचा हिशोब महसूल मंडळाचा, रोहयोचा ग्रामपंचायतीचा, भूजलाचा पाणलोट क्षेत्राचा, तर कृषी विज्ञान केंद्राचा आख्ख्या जिल्ह्याचा. एकच वावर सहा नकाशांत सहा वेगळ्या नावांखाली बसते. कुणी जनगणनेचा गावक्रमांक वापरतो, कुणी पंचायत निर्देशिकेचा. मग 'या गावात किती शेततळी झाली' या साध्या प्रश्नाला तीन उत्तरे येतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरी असतात.

म्हणून पहिले काम गट वहीचे, म्हणजे हे सगळे नकाशे गटाशी जोडणाऱ्या तक्त्याचे. हे काम मन लावून करा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गावनिहाय एक तक्ता करा आणि प्रत्येक ओळ एका गट क्रमांकाची ठेवा. सात-बाऱ्यावर जसा आहे तसाच क्रमांक, पोटहिश्श्यासह, एकाच पद्धतीने लिहा. '११२/२अ', '११२-२-अ' आणि '११२/२/अ' हे संगणकाला तीन वेगळे गट वाटतात आणि निम्मे घोळ इथेच होतात. त्याच ओळीत गावाचे दोन्ही सरकारी क्रमांक, महसूल मंडळ, ग्रामपंचायत, पाणलोटाचा क्रमांक आणि पोकराच्या समूहाचे नाव लिहा. ही जोडणी एकदाच करायची असते. कृषी सहायक, तलाठी आणि भूजल यंत्रणेचे तालुक्याचे काम पाहणारा माणूस एक दिवस एकत्र बसले तर नऊ गावांची होऊन जाते. मग पुढचे रकाने : क्षेत्र, जमिनीची खोली, उतार कुणीकडे, पाणी साचते का, विहीर आहे का आणि तिचे पाणी गोड की खारे, मागच्या तीन हंगामांतली पिके, कोणत्या योजनेतून काय मिळाले आणि कोणत्या साली.

जमिनीच्या खोलीला मी सगळ्यात वरचे स्थान देईन. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाशापासून सूक्ष्म अन्नद्रव्यांपर्यंत १२ गोष्टी असतात, पण खोली नसते. कोरडवाहू भागात तो नमुनाही १० हेक्टरच्या चौकटीतून एक घेतलेला असतो, म्हणजे तुमच्याच वावरातला असेल असे नाही. पावसाने तीन आठवडे दडी मारली तर पीक तगेल की नाही, हे मात्र खोलीच ठरवते. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेचे नकाशे जमिनीचा प्रकार सांगतात, पण गटापर्यंत उतरायचे तर सब्बल किंवा मातीचा गिरमिट घेऊन वावरात जावे लागते. एका गटात तीन ठिकाणी, धुऱ्यापासून निदान १० पावले आत, मुरूम किंवा चुनखडी लागेपर्यंत खोदा. २५ सेंटीमीटरपर्यंत हलकी, त्यापुढे ५० पर्यंत मध्यम-हलकी, १०० पर्यंत मध्यम आणि त्याहून खोल ती भारी, एवढी विभागणी गावाला पुरते. दोन तरुण दिवसाला २० गट करतात. ८०० हेक्टरच्या गावात ४०० गट धरले तर हे २० दिवसांचे काम आहे. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, तुरी निघाल्यावर.

पावसाच्या नोंदीचा घोळ वेगळा. राज्यात महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळानुसार बसवली. मंडळात १५-२० गावे असतात. विदर्भातला जून आणि सप्टेंबरचा पाऊस बराचसा तुकड्यातुकड्यांनी पडतो. मंडळाच्या केंद्रावर ७० मिमी नोंदला गेला आणि तुमच्या शिवारात २०, असे होते, आणि उलटेही होते. २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला तर महसुलाच्या भाषेत अतिवृष्टी. त्यामुळे हा फरक पंचनाम्यापर्यंत जातो. प्रत्येक गावात दोन साधे पर्जन्यमापक ठेवा, एक गावाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर उंच आणि अगदी पाणसळीत. जवळचे झाड वा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतर मोकळे हवे. शाळेच्या गच्चीवर किंवा कडुनिंबाखाली ठेवलेल्या मापकाची नोंद कुणी मानणार नाही, आणि मानूही नये. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खातेही त्याच वेळेला दिवस संपला असे धरते. सायंकाळी मोजलात तर तुमचा मंगळवार त्यांच्या बुधवारात जातो. आदल्या दिवशी पाऊस नसला तर शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे पाऊस नाही की मोजला नाही, हे तीन महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. या वहीने विम्याचा दावा मंजूर होत नाही, तो अधिकृत केंद्राच्या आकड्यावर किंवा उत्पादनावर ठरतो. पण पेरणी, फवारणी आणि प्रात्यक्षिकाचा निकाल समजून घ्यायला दुसरा आधार नाही.

आता पाणी. वेगवेगळ्या खात्यांची कामे एकमेकांवर सगळ्यात जास्त इथे चढतात, म्हणून थोडे आकड्यांत सांगतो. समजा गाव ८०० हेक्टरचे आहे आणि पाऊस ७५० मिमी. एक हेक्टरवर एक मिमी म्हणजे १० घनमीटर पाणी. म्हणजे शिवारावर ६० लाख घनमीटर पडले, जलसंधारणवाल्यांच्या भाषेत ६,००० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). त्यातले १५ टक्के वाहून जाते असे धरले तर अडवण्याजोगा अपधाव ९०० टीसीएम. गावात आज दोन सिमेंट नाला बांध आहेत, प्रत्येकी १० टीसीएमचे आणि हंगामात तीनदा भरणारे, म्हणजे ६०. शेततळी ४०. ३० × ३० × ३ मीटरचे, एकास एक उताराचे शेततळे २,१९६ घनमीटर धरते. ४० तळ्यांचे ८८ टीसीएम झाले. आता रोहयोने १०० तळी धरली : २२०. पोकराच्या आराखड्यात १५० : ३३०. जलयुक्तमध्ये नाला खोलीकरण २०० टीसीएमचे. सगळे मिळून ८९८. म्हणजे शिवारातला थेंब न् थेंब अडवला आणि खालच्या गावाला काही ठेवले नाही. हे झाले सरासरी वर्षात. ५५० मिमीच्या वर्षात अपधाव पावसाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून जोरात घटतो, कारण सुरुवातीचा पाऊस भेगाळलेली काळी जमीनच पिऊन टाकते. तो ८ टक्क्यांवर आला तर हातात ३५२ टीसीएम. बांधलेल्यातला निम्म्याहून जास्त साठा रिकामा. आणि नव्या २५० तळ्यांनी २२.५ हेक्टर वावर गिळलेले, ते वेगळे.

प्रत्येक खात्याचा आराखडा एकेकटा पाहिला तर बरोबर दिसतो. चूक दिसते ती बेरजेत, आणि बेरीज करायची जबाबदारी कुणाच्याच पत्रावर नसते. म्हणून गावाने एकच ताळेबंद ठेवावा. पोकराच्या गावांसाठी पाण्याच्या ताळेबंदाचे साधन आयआयटी मुंबईच्या साह्याने तयार झाले आहे. त्याचा गावाचा अपधावाचा आकडा मागून घ्या आणि तोच सगळ्या खात्यांसाठी मूळ धरा. मग ग्रामसभेच्या ठरावात लिहा की कोणत्याही योजनेतले नवे काम या ताळेबंदात जागा असेल तरच घ्यायचे, आणि अपधावाचा निदान ३० टक्के भाग खालच्या शिवाराला सोडायचा. हा ३० चा आकडा माझ्या मते किमान आहे. खाली जुना पाझर तलाव वा पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर तो वाढवा.

पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, हेच गणित मामा तलावांवर, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांवर, येऊन थांबते. तिथे वरच्या अंगाला नवी तळी खोदण्यापेक्षा जुन्या तलावाचा गाळ, सांडवा आणि पाट आधी पाहावेत. बाकी पद्धत तीच.

खारपाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट. इथल्या विहिरींचे पाणी खारे, आणि ते भारी चिकण जमिनीला दिले तर माती दगडासारखी होते. म्हणून इतर गावांचा 'विहीर पुनर्भरण आणि मोटरपंप' हा साचा इथे जसाच्या तसा बसत नाही. इथे शेततळे हेच मुख्य साधन. काळ्या चिकण मातीत पाझर कमी असल्याने बहुधा अस्तराची गरज पडत नाही, तो पैसा तुषार संच आणि पाइपकडे वळवता येतो. पण तळ खोदताना खाऱ्या भूजलाच्या वरच राहा. तीन मीटर हे माप सगळीकडे चालतेच असे नाही. क्षारता मोजायचे खिशातले यंत्र कंपनीने एक घ्यावे. विहिरी आणि तळी मे महिन्यात व ऑक्टोबरमध्ये मोजावीत. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला घेते. तुमच्या नोंदी त्याच महिन्यांत असल्या तर त्यांच्याशी ताडून पाहता येतात. विद्युत वाहकता २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ते पाणी पिकाला देण्याआधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्याच. चुनखडी आणि सोडियम किती, त्यावर जिप्समचे प्रमाण ठरते. शेजाऱ्याने टाकले तेवढे आपणही टाकायचे, असे त्यात चालत नाही.

संशोधन आणि तंत्रज्ञानाच्या बाजूला गोंधळ असतो तो 'प्रयोग', 'प्रात्यक्षिक' आणि 'शिफारस' हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरल्याचा. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर जमलेली गोष्ट अनेक हंगामांच्या चाचण्यांनंतर चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त अ‍ॅग्रेस्को (संशोधन आढाव्याच्या) बैठकीत जाते. तिथे मान्य झाली की ती शिफारस. त्यानंतर कृषी विज्ञान केंद्र ती कास्तकाराच्या वावरात तपासून पाहते आणि प्रात्यक्षिक लावते. आणि मग कृषी विभाग अनुदान देऊन ती पसरवतो. आपल्या गावात काय चालले आहे आणि ते यातल्या कोणत्या पायरीवर आहे, हे गट वहीत लिहा. चाचणीतल्या वाणावर अख्ख्या गावाने उडी मारू नये, आणि दहा वर्षांपूर्वी मान्य झालेल्या शिफारशीचे पुन्हा पुन्हा प्रात्यक्षिक लावण्यात पैसे घालवू नयेत.

प्रात्यक्षिकांची जागा हा तर दुखरा भाग. सगळ्या खात्यांची प्रात्यक्षिके त्याच चार वावरांत लागतात : पांधण चांगली, रस्त्याला लागून, मालक हुशार आणि हाताशी ट्रॅक्टर. तिथे जमिनीची खोलीही बहुधा चांगली असते. एकाच वावरात विद्यापीठाचे वाण, केंद्राचा रुंद वरंबा आणि पोकराचे जैविक खत, तिन्ही एकदम. उत्पादन वाढते, तिघेही ते आपापल्या अहवालात लिहितात, आणि कशामुळे वाढले हे कुणालाच कळत नाही. नियम ठेवा : एका हंगामात एका गटात एकच बदल. बाकी सगळे शेजारच्या तुलनेच्या पट्ट्यासारखे. प्रात्यक्षिक निदान एक एकराचे, तुलनेचा पट्टा त्याच वावरात, त्याच मातीत, त्याच दिवशी पेरलेला. दहा प्रात्यक्षिके असतील तर चार हलक्या जमिनीत, चार मध्यम आणि दोन भारी अशी वाटणी गट वहीवरून करा. अनुदानाचे निविष्ठा पाकीट तुलनेच्या पट्ट्यात शिंपडले जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. असे होते, आणि चांगल्या मनानेच होते.

उत्पादन मोजायची रीतही एक ठेवा. १० × ५ मीटरचा चौकोन, वावरात आधीच चिठ्ठीने ठरवलेल्या जागी. कापणीच्या दिवशी डोळ्यांनी निवडलेला नको. ५० चौरस मीटरमधले किलो गुणिले २०० म्हणजे हेक्टरी किलो. सोयाबीनची ओल मोजून १२ टक्क्यांवर आणा : आलेले वजन गुणिले (१०० वजा ओल) भागिले ८८. १८ टक्के ओलीचे २० क्विंटल खरे तर १८.६ क्विंटल असतात. दोन वाणांतला फरक एवढाच असला तर तो वाणाचा नव्हे, ओलीचा.

यंत्रांचे एक उदाहरण सविस्तर देतो, कारण समन्वय कुठे तुटतो ते त्यात स्वच्छ दिसते. रुंद वरंबा सरी यंत्र, म्हणजे बीबीएफ. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघते आणि वावर चिबडत नाही. खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. हवामान बदलाच्या सगळ्या प्रकल्पांत हे यंत्र आहे, आणि बऱ्याच अवजार बँकांत ते गंजत पडलेले असते. कारणे ठरलेली आहेत. निविदा उशिरा निघते आणि यंत्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येते, पेरणी संपत आल्यावर. चालवायला पुरेशा ताकदीचा ट्रॅक्टर आहे, पण चालकाला सरळ तास धरता येत नाही. बियाण्याच्या चकत्या सोयाबीनच्या दाण्याला जुळत नाहीत. आणि पहिल्याच दिवशी बियाणे जास्त पडले की कास्तकार म्हणतो, माझी तिफणच बरी.

यातले शेवटचे अर्ध्या तासात सुटते. यंत्र उभे करून चालकचाक जमिनीपासून उचला. चाकाचा घेर मोजा. समजा दीड मीटर. चाक २० वेळा फिरवले म्हणजे ३० मीटर चालल्यासारखे. चार ओळी ४५ सेंटीमीटरवर असतील तर यंत्राची रुंदी १.८ मीटर, क्षेत्र ५४ चौरस मीटर. हेक्टरी ६० किलो हवे असेल तर एवढ्यात ३२४ ग्रॅम पडले पाहिजे. चारही नळ्यांखाली वेगळ्या पिशव्या बांधा आणि वेगळे वजन करा. एकूण बरोबर येऊनही एका नळीतून दुप्पट पडत असते. वावरात चाक घसरते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी पडेल. त्यासाठी पेरलेल्या एका ओळीत १० मीटर उकरून दाणे मोजा. खोली ३ ते ४ सेंटीमीटर, त्याहून खोल गेले तर पपडी फोडून कोंब वर येत नाही. बियाण्याची उगवण घरीच तपासा, ओल्या गोणपाटात १०० दाणे. ७० उगवले तर नेहमीचे प्रमाण, ७० च्या खाली तर वाढवा, ६० च्या खाली तर ते बियाणे वापरू नका. इथे कामाची वाटणी अशी हवी : यंत्र पोकराच्या किंवा कृषी विभागाच्या पैशातून, चकत्यांची जुळवणी आणि चालकाचे प्रशिक्षण कृषी विज्ञान केंद्राकडून मे महिन्यात, आणि भाडे, दुरुस्ती, वेळापत्रक कंपनीकडे. भाड्यात घसारा धरला नाही तर तिसऱ्या वर्षी फाळ बदलायला पैसे नसतात.

तारखांचे आता. सरकारचे वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत, शेतीचे मृगापासून. निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि खर्च त्याच महिन्यांत दाखवावा लागतो. त्यात खोदकाम बसते, बियाणे बसत नाही. म्हणून उलटे मोजत या. खोदकाम ३१ मेपर्यंत संपायला हवे, म्हणजे तांत्रिक मंजुरी जानेवारीत हवी, म्हणजे ग्रामसभेचा ठराव आणि पाण्याचा ताळेबंद नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा. प्रात्यक्षिकांचे गट फेब्रुवारीत ठरावेत, कारण कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीत आणि विद्यापीठाच्या खरीपपूर्व विभागीय बैठकीत तुमची मागणी लेखी गेली तरच ती पुढच्या कार्यक्रमात येते. जूनमध्ये केलेली मागणी पुढच्या वर्षाची असते. बियाणे आणि यंत्रे १५ मेपर्यंत गावात. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी नाही, ही गोष्ट नऊही गावांच्या फलकावर, आणि तो पाऊस गावच्या मापकावरचा.

मान्सून उशिरा आला तर काय, हे जूनमध्ये बसून ठरवायचे नसते. क्रीडाने विद्यापीठांबरोबर जिल्हावार आपत्कालीन पीक आराखडे केलेले आहेत. दोन, चार, सहा, आठ आठवड्यांचा उशीर झाला तर कोणते पीक, कोणते वाण, कोणती जमीन, हे सगळे त्यात आहे. आपल्या जिल्ह्याच्या आराखड्यातली आपल्याला लागू पडणारी पाने काढा आणि गट वहीतल्या जमिनीच्या खोलीला जोडा. उदाहरणार्थ, हलक्या जमिनीत लवकर निघणारे सोयाबीन वाण, जेएस ९३-०५ सारखे, मध्यम-भारीत एमएयूएस ६१२ किंवा पीडीकेव्ही अंबा. आंतरपिकाच्या तुरीत मध्यम-हलक्या जमिनीला बीडीएन ७११, भारीला पीकेव्ही तारा. १५ जुलै उलटला तर सोयाबीनचा आग्रह सोडायचा. त्या पर्यायी पिकाचे बियाणे कुठून येणार, हे मात्र त्या आराखड्यात नसते. आराखडा कागदावर राहतो तो इथेच. गावच्या बियाणे बँकेत क्षेत्राच्या निदान १० टक्क्यांना पुरेल एवढे तुरीचे आणि ज्वारीचे बियाणे दर वर्षी फिरते ठेवा. आणीबाणी आली नाही तर ते रब्बीआधी विकून टाकता येते.

सल्ल्यांच्या भांडणावर उपाय साधा आहे. ग्रामीण कृषी मौसम सेवेचे पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी येते. क्रॉपसॅपचा कीड सल्ला वेगळा येतो. खासगी अ‍ॅप आणि औषध दुकानदार यांचे सल्ले रोजच असतात. कंपनीने शुक्रवारी सायंकाळी एकच पान काढावे आणि कोणत्या प्रश्नात कुणाचा शब्द अखेरचा हे आधीच ठरवून टाकावे. पेरणीची वेळ आणि वाण, कृषी विज्ञान केंद्राचा. कीड आणि फवारणी, क्रॉपसॅपचा, गावातल्या सापळ्यांच्या आकड्यासह. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तरच फवारणीचा विचार. पाऊस, हवामान खात्याचा. दुकानदाराच्या सल्ल्याला त्या पानावर जागा नाही.

बैठक लागतेच, पण नवी समिती काढू नका. आत्मा, म्हणजे जिल्ह्याची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, हिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि कृषी, पशुसंवर्धन, कृषी विज्ञान केंद्र, अग्रणी बँक, नाबार्ड यांची माणसे तिथे येतातच. भूजल, जलसंधारण आणि रोहयोच्या अधिकाऱ्यांना त्याच टेबलावर बोलवायची विनंती प्रकल्प संचालकांकडे लेखी द्या. तालुक्याला तालुका कृषी अधिकारी आणि गटविकास अधिकारी एकत्र बसले तर रोहयो आणि पोकराची निम्मी टक्कर तिथेच मिटते. बैठकीचे टिपण एका पानाचे : कोणता गट, कोणते काम, कोणते खाते, कोणत्या तारखेपर्यंत. आणि शेवटी एक ओळ, कुणी काय थांबवायचे. ही ओळ लिहिली जात नाही. सगळे वाढवायला तयार असतात, आपली २० तळी कमी करायला कुणी नसते. माझ्या मते त्या बैठकीचे खरे काम तेवढेच.

पैशांत एक भेद पाळा. एका योजनेतून तळे आणि दुसरीतून तुषार संच, हे अभिसरण. एकाच तळ्याचे दोन योजनांतून बिल, हा दुबार लाभ, आणि तो पुढे वसुलीत जातो. महाडीबीटी आणि पोकराची अर्जाची दालने वेगळी असल्याने यंत्रणेच्या हे लगेच लक्षात येईलच असे नाही. अर्ज करण्याआधी गट वहीतली ओळ आणि कामाचा अक्षांश-रेखांशासह फोटो पाहायचा, एवढी शिस्त ठेवली तर प्रामाणिक माणूस चुकून अडकत नाही. या वहीत आधार क्रमांक आणि बँक खाते मात्र लिहू नका. गट क्रमांक पुरतो.

शेवटचा भाग माणसे आणि प्रकल्प बदलण्याचा. जिल्हा पातळीवरचे हवामान सल्ला देणारे कक्ष कृषी विज्ञान केंद्रांत सुरू झाले होते, ते २०२४ मध्ये देशभर बंद झाले. त्यांचा सल्ला ज्या गावांनी वहीत उतरवून ठेवला त्यांच्याकडे काही हंगामांची नोंद उरली, बाकीच्यांचे फोनमधले संदेश गेले. प्रकल्प पाच-सहा वर्षांचा, अधिकारी तीन वर्षांचा, गाव कायमचे. म्हणून गट वही, पावसाची वही, पाण्याचा ताळेबंद, प्रात्यक्षिकांचे निकाल (फसलेल्यांचेही, कारणासह) आणि यंत्रांची दुरुस्ती नोंद, या पाच वह्यांची एक छापील प्रत ग्रामपंचायतीत, एक कंपनीत आणि एक कृषी विज्ञान केंद्रात ठेवा. नवा कृषी सहायक किंवा विषयतज्ज्ञ रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला त्या दाखवा आणि पोच घ्या. माहिती मागायला कुणी आले तर नवा फॉर्म भरू नका. याच वह्यांतली नक्कल द्या आणि त्यांच्या तक्त्यात काय लागते ते त्यांनी त्यातून काढावे.

नऊ गावांत एकदम सुरू करू नका. यंदा दोन घ्या, एक पाणलोटाच्या वरच्या टोकाचे आणि एक खालच्या, म्हणजे वर अडवलेल्या पाण्याचा खाली काय परिणाम झाला ते ऑक्टोबरच्या विहिरींच्या नोंदीत दिसेल.